शेजाऱ्याच्या घरी त्याचा धर्म शिकताना : खैरलांजी परिसरातील काही अनुभव

काही वर्षांपूर्वी बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी परिसरात धर्मशिक्षकांचे एक शिबिर चालू असता, वयाने पोक्त अशा एका धर्मशिक्षकाने आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "फादर, आमच्या शेजारी बौद्ध घरी मयत झाली. उद्या पुण्यानुमोदन आहे. मी जावे की न जावे?" आदल्याच दिवशी आम्ही बौद्ध धर्मावर दीड तास व्याख्यान दिले होते. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, हीनयान व महायान, सम्राट अशोक, सारे काही त्यात होते, आणि त्या गृहस्थांनी ते वहीत नीट उतरवूनही घेतले होते. परंतु त्या वहीत 'पुण्यानुमोदन' हा शब्द नव्हता. तेथे कोण काय म्हणतो, पाहुण्याने कोठे बसावे, हात जोडावेत की नाही, जेवणास थांबावे की नाही, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर वहीत नव्हते. खरे सांगावयाचे तर ते आमच्या टिपणांतही नव्हते. आम्ही त्यांस जाण्यास सांगितले, आणि संकोच वाटत असताही त्यांच्याबरोबर स्वतः गेलो. प्रस्तुत लेखाचा उगम त्या सायंकाळी आहे.

आपल्या सेमिनऱ्यांमधून 'जगातील धर्म' हा विषय शिकविला जातो व तो शिकविला जावा याविषयी दुमत नाही. ग्रंथ वाचल्यावाचून परक्या घरी जाणारा मनुष्य पुष्कळदा आपलेच पूर्वग्रह बरोबर नेतो आणि तेच घेऊन परततो. तथापि ग्रंथातील धर्म आणि गल्लीतील धर्म यांच्यामध्ये जे अंतर असते, ते ग्रंथ भरून काढीत नाही. ज्या बौद्धांची घरे आमच्या धर्मशिक्षकांच्या घरांस लागून आहेत, त्यांचा धर्म पाली ग्रंथांतून आला आहे तितकाच तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या मैदानातूनही आला आहे. जे गोंड बांधव आमच्या शाळांतून मुले पाठवितात, त्यांच्या धर्मावर आमच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणच नव्हते. ही उणीव भरून काढावयाची तर त्या त्या समाजाकडे, त्यांच्या ठिकाणी, त्यांच्या दिवशी, पाहुणा म्हणून जाण्यावाचून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही. हे जाणे कसे असावे व कसे नसावे, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम ठिकाणाविषयी दोन शब्द. खैरलांजी ही बालाघाट जिल्ह्याची नैर्ऋत्येकडील तहसील. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहे. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर, भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सोयरीक मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर पूर्ववत चालू आहे. कचेरीत हिंदी, घरात पोवारी किंवा मरारी, बाजारात मराठी, अशी येथील माणसाची जीभ दिवसातून तीनदा पालटते. धर्माचीही स्थिती काहीशी अशीच आहे. कार्तिकी पौर्णिमेस चंदन नदीकाठी रामपायलीच्या राममंदिराशी जत्रा भरते, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि तेथे कोण कोणत्या धर्माचा हे विचारण्याची कोणास फारशी आठवण राहत नाही. आठवण राहते ती लग्न व मयत या दोन प्रसंगी.

आणखी एक खुलासा अवश्य आहे. खैरलांजी हे नाव वाचताच अनेक वाचकांस भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्याचे खैरलांजी आठवेल, जेथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. ते गाव निराळे, हे निराळे. पण दोन्ही गावे एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत आणि नाव एकच आहे. येथील बौद्ध बांधवांस भेटावयास जाणाऱ्याने ही गोष्ट माहीत नसल्यासारखे बोलू नये, एवढेच सुचवितो.

परधर्मीयांकडे शिकावयास जाणे हे ख्रिस्ती माणसास शोभते काय, असा प्रश्न अनेक धर्मशिक्षक प्रामाणिकपणे विचारतात. ज्यास सत्य लाभले आहे त्याने शिकवावे की शिकावे? या प्रश्नास आम्ही पवित्र शास्त्रातूनच उत्तर देतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला असता संत लूक त्याच्या दोन कृती प्रथम नोंदवितो : तो त्यांचे ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता. शोमरोनी स्त्रीशी त्याचे संभाषण सुरू झाले ते उपदेशाने नव्हे. त्याने पाणी मागितले. परक्या समाजातील व्यक्तीपुढे प्रभू प्रथम याचक म्हणून उभा राहिला. संत पेत्र कर्नेल्याच्या घरी गेला तेव्हा उंबरठा ओलांडताच त्याने, मला कशासाठी बोलाविले, असे विचारले. आणि संत पौल अथेनै नगरीत भाषणास उभा राहण्यापूर्वी तेथील पूजास्थाने फिरून, निरखून पाहत होता. न पाहता बोलला असता तर अज्ञात देवाची ती वेदी त्याच्या दृष्टीस पडलीच नसती.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' ही घोषणा प्रसृत केली व अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यांपैकी कशाचाही ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे स्पष्ट केले. पाचच परिच्छेदांची ही घोषणा हिंदू, बौद्ध, इस्लाम व यहुदी धर्मांचा नावानिशी उल्लेख करते. आमच्या गोंड शेजाऱ्यांचे नाव अर्थातच तीत नाही. परंतु सृष्टीच्या घडामोडींमागील गूढ शक्तीची जाणीव अनेक लोकसमूहांस प्राचीन काळापासून आहे, असे जे तीत म्हटले आहे, त्या वाक्यात त्यांस जागा आहे असे आम्ही मानतो. पुढे १९९१ साली 'संवाद व घोषणा' या नावाचा दस्तऐवज रोमहून निघाला. त्यात संवादाचे चार प्रकार सांगितले आहेत : जीवनाचा, कार्याचा, ईश्वरविद्येच्या विचारविनिमयाचा व धार्मिक अनुभवाचा. तिसऱ्या प्रकारासाठी विद्वान लागतात. पहिल्यासाठी शेजारी लागतो, आणि आमच्या बहुतेक धर्मशिक्षकांपाशी तो आहेच.

ही वाट अगदी नवी नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. ते आले ख्रिस्ताची घोषणा करण्यासाठी व ती त्यांनी केलीही. परंतु गोंडांचा वंशगायक जो परधान, त्याच्या मुखातून लिंगोची दीर्घ गाथा त्यांनी ऐकली व मूळ गोंडी शब्दांसह लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. हिस्लॉप यांची सारीच मते आज कोणी स्वीकारणार नाही, आम्हीही नाही. पण ऐकण्यास लागणारा धीर त्यांच्यापाशी होता. महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण गी द्लरी या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंचे. ते वारकऱ्यांबरोबर पायी पंढरपुरास चालले आणि १९६० साली विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. ग्रंथालयात बसून तो ग्रंथ कदाचित लिहिता आला असता, पण पायांस फोड न येता लिहिलेला ग्रंथ निराळा झाला असता. आणि आपले कविवर्य नारायण वामन टिळक? १८९३ साली नागपूर-राजनांदगाव मार्गावरील, म्हणजे आपल्या गोंदियावरूनच जाणाऱ्या गाडीत, एका परक्या प्रवाशाशी झालेल्या सभ्य संभाषणातून त्यांच्या जीवनाची दिशा पालटली. तो प्रवासी त्यांच्याशी उद्धटपणे बोलला असता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही शिबिरार्थींस करावयास सांगतो.

विहारात

आता प्रत्यक्ष भेटींकडे वळू. सर्वांत अधिक आम्ही शिकलो ते एका गावातील बौद्ध विहारात, आणि शिकलो ते चुकूनच.

पौर्णिमेच्या सायंकाळी नऊ शिबिरार्थींसह आम्ही तेथे गेलो. एकच खोली, समोर बुद्धमूर्ती, शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर, मेणबत्त्या व अगरबत्ती. शुभ्र वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया पुढे बसलेल्या. त्रिशरण व पंचशील पालीतून म्हटले गेले. वर्षावासाचा काळ असल्याने नंतर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले. सर्व आटोपल्यावर आभारासाठी आमच्यातील एक तरुण उभा राहिला. यजमानांस बरे वाटावे म्हणून तो म्हणाला की, भगवान बुद्ध हे विष्णूचा नववा अवतार असल्याने सर्व भारतीयांस पूज्य आहेत. खोलीत एकदम शांतता पसरली. नागपूरच्या दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांपैकी पाचवी नेमकी याच समजुतीचा त्याग करणारी आहे. त्या तरुणाने सद्भावनेने जे वाक्य उच्चारले, ते या माणसांच्या आईबापांनी समारंभपूर्वक टाकून दिलेले वाक्य होते. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. चार आर्यसत्ये शिकविण्याच्या भरात आम्ही बावीस प्रतिज्ञांची नावनिशाणीही सांगितली नव्हती.

यजमानांनी राग धरला नाही. तेथील एक निवृत्त शिक्षक पुढे आले आणि त्यांनी शांतपणे समजावून दिले. बोलण्याच्या ओघात त्यांनी आमची दुसरीही चूक दुरुस्त केली. आमच्या शिबिरार्थींनी चार आर्यसत्ये म्हणजे बौद्धांचा जणू 'विश्वासांगीकार' असे मानले होते. शिक्षक म्हणाले की, ही चार सत्ये मूळ बुद्धवचनात होती की भिक्खूंनी मागाहून घातली, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच उपस्थित केला आहे. आम्ही तो ग्रंथ चाळला होता, प्रस्तावना वाचली नव्हती. परतल्यावर वाचली. ते म्हणतात तसेच आहे.

येथे आमच्या ध्यानी आले की, या समाजास त्याचा धर्म विचारला असता तो दुःख व निर्वाण यांपासून प्रारंभ करीत नाही. तो विहिरीपासून, शाळेच्या बाकापासून व १९५६ पासून प्रारंभ करतो. त्या वेळी बालाघाट ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. अठराच दिवसांनी राज्याची सीमा मध्ये आली, पण त्यापूर्वी या गावांतून माणसे नागपुरास जाऊन आली होती. एका वृद्धेने, आपले सासरे कसे पायी व नंतर रेल्वेने गेले, हे सांगितले. तिच्या दृष्टीने तो धर्मग्रंथाचाच भाग होता. इस्राएल लोक मिसर देशातून बाहेर निघाले ही गोष्ट ज्या स्वरात आपण वाचतो, तोच स्वर तिचा होता. ही तुलना आम्ही तेथे बोलून दाखविली नाही. पाहुण्याने यजमानाच्या अनुभवास लगेच आपले नाव देऊ नये.

कचारगडच्या वाटेवर

गोंड समाजाकडे जाणे याहून अवघड ठरले, कारण येथे आमच्या हाती धरावयास काहीच नव्हते. एका घरी विचारले, "आपला धर्म कोणता?" उत्तर आले, "हिंदू." शेजारच्याच घरी तोच प्रश्न विचारता उत्तर आले, "कोया पुनेम." तिसऱ्या घरी एक म्हातारबाबा हसले व म्हणाले, "आम्ही सातदेवे." आमच्या एका शिबिरार्थीने वही पुढे करून यांपैकी खरे उत्तर कोणते असे विचारले, तेव्हा आम्ही त्यास वही मिटावयास सांगितली. तिन्ही उत्तरे खरी होती. म्हातारबाबांचे उत्तर तर सर्वांत नेमके होते. ज्याच्या कुळाचे देव सात, तो सातदेवे. त्याचप्रमाणे सहादेवे, पाचदेवे, चारदेवे. आणि एकाच देवसंख्येच्या कुळांत लग्नसंबंध होत नाही. देव किती आहेत हा प्रश्न आपण ईश्वरविद्येचा समजतो. त्यांच्या घरी तो सोयरिकीचाही प्रश्न आहे. आपले कूळ कोणाचे, कोण आपले भाऊ व कोण सोयरे, हे देव सांगतात. जनगणनेच्या रकान्यात हे बसत नाही, आणि म्हणूनच स्वतंत्र रकान्याची मागणी अनेक आदिवासी संघटना करीत आल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रमुख सहा धर्मांखेरीज 'अन्य' या सदरात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांत देशभरातील अनेक आदिवासी समाज आहेत. या वादात पाहुण्याने निवाडा देऊ नये. विशेषतः ख्रिस्ती पाहुण्याने देऊ नये, कारण त्याच्या निवाड्यात स्वार्थ शोधला जाईल आणि तो शोध अगदीच निराधार असेल असेही नाही.

माघ पौर्णिमेस गोंदियामार्गे आम्ही सालेकसा तालुक्यातील कचारगडास गेलो. धनेगावाहून डोंगरातील विशाल गुहेकडे जाणारी वाट माणसांनी फुललेली होती. पिवळ्या पागोट्यांचे पुरुष, पाठीशी लेकरू बांधलेल्या स्त्रिया, आणि चहूकडे 'जय सेवा' हा अभिवादनाचा घोष. गोंडांची श्रद्धा अशी की, त्यांचे आदिपुरुष या गुहेत कोंडले गेले होते व पारी कुपार लिंगोने त्यांस मुक्त करून कुळांची व्यवस्था लावून दिली. नागपूरचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी या यात्रेचा व कोया पुनेमाचा परिचय लेखनाद्वारे समाजास करून दिला. बडादेव किंवा पेर्सा पेन याचे स्थान साजाच्या झाडापाशी असते. मूर्ती नसते. एका शिबिरार्थीने, "येथे काहीच नाही," असे आमच्या कानात म्हटले. त्यास आम्ही, यरुशलेमच्या मंदिरातील परमपवित्र स्थानी शिरलेल्या रोमन सेनापतीसही असेच वाटले होते, एवढेच सांगितले. हा विनोद होता, पण तो पुढे दिवसभर गप्प राहिला.

मशिदीतील व राममंदिरातील भेटींविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील धर्म आमच्या टिपणांशी बराचसा जुळला. मशिदीत शुक्रवारच्या नमाजास आम्ही मागील रांगेच्याही मागे बसलो. पवित्र मरियेच्या नावाचा एक संपूर्ण अध्याय कुराणात आहे, हे कळता आमच्या शिबिरार्थींस जितका आनंद झाला, तितकाच विषाद येशूच्या क्रूसमरणाविषयी तेथील श्रद्धा निराळी आहे हे कळता झाला. दोन्ही भावना त्यांनी जपून ठेवाव्या. "शेवटी सर्व एकच" असे म्हणून भेट आटोपती घेणे हा आळस आहे, आणि यजमानासही ते आवडत नाही. राममंदिरात जाण्यापूर्वी शिबिरार्थींस आम्ही फादर कामिल बुल्के यांचे नाव सांगितले. या बेल्जियन जेझुइटाने 'रामकथा' हा प्रबंध हिंदीतून लिहिला व तो १९५० साली प्रसिद्ध झाला. रामकथेच्या अभ्यासकास तो आजही टाळता येत नाही.

तीर्थप्रसादाचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी निघतो. संत पौलाने करिंथकरांस मूर्तीपुढील नैवेद्याविषयी जे लिहिले ते दोन टोकांचे आहे : मूर्ती काही नव्हे, म्हणून खाण्यात दोष नाही, तथापि दुर्बल बंधूच्या विवेकास ठेच लागत असेल तर खाऊ नये. आमचे मत असे की, पूजाविधीत आपण स्वतः पूजक म्हणून सहभागी होऊ नये. आरतीचे तबक हाती घेऊ नये. परंतु आदराने उभे राहावे, पादत्राणे काढावीत, व जे घ्यावयाचे नाही त्याविषयी आधीच यजमानांस नम्रपणे सांगून ठेवावे. ऐन वेळी हात मागे घेणे हा अपमान होतो. आम्ही हे सांगितले तेव्हा पुजारीबुवा म्हणाले, "तुमच्या नाताळात तुम्ही आम्हांला केक देता, पण ती पांढरी भाकर देत नाही. तसेच ना?" याहून चांगले स्पष्टीकरण आम्हांस सुचले नसते. नारळ व साखर त्यांनी मंदिराबाहेरच्या ओट्यावर बसून सर्वांस दिली. ती आम्ही खाल्ली.

संशयाविषयी

येथवर जे लिहिले ते वाचून कोणास वाटेल की, या भेटी म्हणजे आनंदयात्रा. तसे नाही. मध्यप्रदेशात ख्रिस्ती धर्मगुरू परधर्मीय वस्तीत शिरला की दोन डोळे त्याच्यावर असतात, आणि त्या डोळ्यांस इतिहास आहे. १९५४ साली त्या वेळच्या मध्यप्रदेश शासनाने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. १९६८ साली धर्मस्वातंत्र्य अधिनियम झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. २०२१ साली त्या अधिनियमाची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण ०.२९ टक्के आहे. इतक्या थोड्यांविषयी इतके भय का, असा प्रश्न आपण आपसांत विचारतो. तो विचारण्यापूर्वी आपण त्या वस्तीत कसे गेलो होतो, हे आठवून पाहणे बरे.

कारण भेट व सापळा यांतील भेद आपणांस ठाऊक असतो, तसा यजमानांसही ठाऊक असतो. औषधाची पेटी, मुलांसाठी खाऊ, पत्रके, नावांची यादी यांपैकी एकही वस्तू बरोबर असेल तर ती भेट राहत नाही. आम्ही निमंत्रण असल्यावाचून जात नाही. आम्ही कोण व कशासाठी आलो हे यजमानांस व सरपंचांस आधी सांगतो. छायाचित्रे काढीत नाही. टिपणे घरी परतल्यावर लिहितो. कोणी आपण होऊन ख्रिस्ताविषयी विचारले तर सरळ उत्तर देतो, कारण श्रद्धा लपविणे हाही यजमानाचा अपमानच आहे. परंतु त्या प्रश्नाची वाट पाहत बसत नाही. वर उल्लेखिलेल्या १९९१ च्या दस्तऐवजात संवाद व घोषणा ही दोन्ही ख्रिस्तसभेच्या कार्याची खरी अंगे मानली आहेत, पण एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये असेही बजाविले आहे. संवादाच्या वेषात घोषणा नेणे म्हणजे दोहोंशी अप्रामाणिकपणा होय. एका सहकारी धर्मगुरूंनी आम्हांस विचारले, "मग याचा उपयोग काय?" उपयोग विचारणाऱ्याने या कामास हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, जरी ते ऐकून ते आमच्यावर रुष्ट झाले.

त्यांचा प्रश्न

विहारातील त्या सायंकाळी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आम्ही मुद्दामच येथवर राखून ठेवली. आमचे प्रश्न संपल्यावर निवृत्त शिक्षकांनी विचारले, "आता आम्ही एक विचारू का?" आम्ही होकार दिला. ते म्हणाले, "तुमच्या चर्चमध्ये पुढे कोण बसते व मागे कोण बसते? आणि तुमच्यात लग्ने कशी जुळतात?"

आमच्या नऊ शिबिरार्थींपैकी पाच जणांनी खाली पाहिले. ज्यांचे आजे त्याच वस्तीतून ख्रिस्तसभेत आले होते, असे ते पाच होते. प्रश्न विचारणाऱ्यांस हे ठाऊक होते, कारण दोहोंची आडनावे एकच होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केल्यावर अनेक धर्मांचे लोक त्यांच्याकडे आशेने पाहत होते, ख्रिस्ती लोकही. त्यांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला होता. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात टिकून राहते, ही टीका त्यांच्या लेखनात स्पष्ट आहे. भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत जातिभेद आहे हे मान्य केले. मधल्या काळात शासनाने १९९० साली बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या, ख्रिस्ती दलितांस त्या नाहीत. एकाच आजोबांची नातवंडे, एक यादीत व एक यादीबाहेर, त्या खोलीत समोरासमोर बसली होती.

आम्ही काय उत्तर दिले? प्रथम, नियमाने सर्व सारखे आहेत, असे म्हणालो. शिक्षक म्हणाले, "नियम आम्हीही वाचले आहेत." मग आम्ही खरे ते सांगितले : बाक कोणाच्या नावाचे नाहीत, पण कोण कोठे बसतो हे दर रविवारी डोळे मिटूनही सांगता येते. लग्नाच्या बाबतीत याहून अधिक सांगावे लागले. तेथे बसलेल्या आमच्या पाच तरुणांनी ते आपल्या धर्मगुरूच्या तोंडून प्रथमच ऐकले. परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. नदीच्या पुलाशी आल्यावर त्यांतील एक म्हणाला, "फादर, बौद्ध धर्म शिकायला गेलो होतो ना आपण?"

तेव्हापासून आमच्या शिबिराच्या वहीत एक बदल केला आहे. पूर्वी उजव्या पानावर 'काय पाहिले' व डाव्या पानावर 'काय समजले' असे लिहीत असत. आता डावे पान यजमानांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवले जाते, आणि उत्तर सापडेपर्यंत ते तसेच मोकळे ठेवावयाचे असते. मशिदीतून आलेला, पवित्र त्रैक्याविषयीचा एक प्रश्न तेथे आहे. कचारगडच्या वाटेवरील एका स्त्रीने, "तुमच्या देवाचे झाड कोणते?" असे विचारले होते, तेही आहे. त्याचे उत्तर एका शिबिरार्थीने पुढे, शुभ शुक्रवारी लिहिले.

निवृत्त शिक्षकांस आम्ही आमच्या मिस्सेस येण्याचे निमंत्रण दिले होते. ते त्यांनी स्वीकारले आहे. वैशाख पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी ते आणखी चौघांसह येतील. त्यापूर्वी बाकांची व्यवस्था थोडी बदलावी काय, कुटुंबांस मिसळून बसावयास सांगावे काय, असे एका धर्मशिक्षकाने परवा विचारले. तसे काही करू नये, असे आम्ही त्यास कळविले आहे.